पहिल्या पानापर्यंत गेलेली मोपेड

मी एक जुनी मोपेड आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मोपेड पाहिलीसुद्धा नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. मला इंजिन आहे आणि सायकलीला असतात तशी पायडलंही आहेत. पेट्रोल संपलं तर बसलेल्या माणसानं पाय मारत घर गाठावं, अशी मला घडवणाऱ्यांची योजना होती. वेग बेताचा, आवाज दांडगा आणि धूर असा की मागून येणाऱ्यानं नाकाला रुमाल लावावा. रंग मुळात निळा होता. मी फार देखणी होते हे माझं मीच सांगणं बरं दिसत नाही, पण कुणी विचारलंच तर नाही म्हणणार नाही.

माझा जन्म झाला तो कारखाना मला नीट आठवत नाही. तिथं माझ्यासारख्या पुष्कळ होत्या आणि सगळ्यांची घाई चालली होती. आठवतं ते अमरावतीतलं राजकमल चौकाजवळचं दुकान आणि दसऱ्याचा दिवस. दुकानात झेंडूचा नुसता खच पडला होता. तेवढ्यात बडनेऱ्याहून पुंजाजी तायडे आले. ते रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत, खडी सारखी करत मैलोन्‌मैल चालायचं हे त्यांचं काम. त्यांच्यासाठी तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा होता, म्हणून विहारात वंदना करून, पांढरा सदरा घालून ते थेट दुकानात आले होते. दुकानदारानं माझ्यापुढे फोडायला नारळ दिला, तर म्हणाले, "नारळ राहू द्या बाप्पा. त्याच्याबदली टाकी भरून द्या." मला माणूस तिथंच आवडला.

पण आमचं दोघांचं काही जमलं नाही. सगळा जन्म पायी चालण्यात गेलेला माणूस. ब्रेक दाबायच्या ऐवजी पुंजाजी पाय टेकवायचे आणि वळण आलं की मला सोडून स्वतःच वळायचे. एकदा आम्ही दोघंही बाभळीत जाऊन पडलो. त्यांनी स्वतःच्या हातातले काटे काढले, माझ्या सीटमधले काढले आणि घरी येऊन मुलीला म्हणाले, "ज्योत्स्ना, हे धूड तूच चालव. मले माहे पायच बरे." धूड हा शब्द मला लागला, पण मुलगी मनात भरली.

ज्योत्स्ना तेव्हा नुकतीच बी.ए. झाली होती. अंगानं बारीक, वेणी लांब, आणि प्रश्न विचारायला लागली की समोरच्याला घाम फुटायचा. बडनेरा स्टेशनवर बायकांच्या प्रतीक्षालयाला कुलूप का असतं, नाली तुंबते ती नेमकी एकाच वस्तीत का तुंबते, असलं काहीबाही लिहून ती अमरावतीच्या 'दैनिक पूर्णातीर'ला पाठवायची. पेपरचे मालक आणि संपादक ओमप्रकाशजी. त्यांनी एके दिवशी तिला बोलावून घेतलं आणि नोकरी दिली. त्या दिवशी बडनेरा ते अमरावती रस्ता मी कसा कापला ते मलाच कळलं नाही. ती मोठ्यानं गात होती आणि सूर अजिबात बरोबर नव्हता.

'पूर्णातीर'च्या कचेरीत त्याआधी बाई नव्हतीच. तिला बसवायचं कुठं यावर बराच खल झाला. अखेर जिन्याखाली एक टेबल लावलं आणि बुधवारची महिलांची पुरवणी तिच्या स्वाधीन केली. पुरवणीचं नाव 'माजघर'. रांगोळ्या, लोणची, केसांची निगा. मला अंगणातल्या कडुनिंबाखाली जागा मिळाली. शेजारी नत्थुजींची चहाची शेगडी आणि समोर बातमीदारांच्या खोलीची खिडकी. उन्हामुळं ती सदा उघडी असायची, त्यामुळं आतलं सगळं मला ऐकू यायचं.

मित्रांनो, त्या काळी बातम्या एसटीनं प्रवास करायच्या. तिवसा, धामणगाव, दर्यापूर, जिथून तिथून तालुक्याचे वार्ताहर बातमी पाकिटात घालून कंडक्टरच्या हाती द्यायचे आणि कचेरीतलं कुणीतरी डेपोतून पाकिटं घेऊन यायचं. सरकारी कार्यालयांची आणि पुढाऱ्यांची पत्रकं तर घरपोच यायची. आमचे बातमीदार चहा पीत पीत पाकिटं फोडायचे, वाक्यं सरळ करायचे आणि मथळा द्यायचे. बातमीच आपल्याकडे येते तर आपण तिच्याकडे कशाला जायचं, असा एकूण शिरस्ता होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

ज्योत्स्नाला वाटायचं. तिला बातमीदार व्हायचं होतं. ज्या गावची बातमी त्या गावी जायचं, डोळ्यांनी पाहायचं, माणसांशी बोलायचं आणि मग लिहायचं. दर महिन्याला ती ओमप्रकाशजींच्या टेबलासमोर उभी राहायची आणि दर महिन्याला तेच ऐकून यायची. "बेटा, बाई माणूस कुठं कुठं फिरणार? माजघर चांगलं चाललंय नं तुमचं." माणूस वाईट नव्हता. काळजीनंच बोलायचा. पण ती बाहेर येऊन माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहायची, तेव्हा तो हात मला जड लागायचा. तिला रडू येत होतं हे मी आज सांगते आहे. तेव्हा तिनं कुणाला दिसू दिलं नाही.

असं वर्ष सरलं. एका बुधवारी पुरवणीत वरणफळांची कृती आली. ती चतुराबाईंची, म्हणजे ज्योत्स्नाच्या आईची. तुरीची डाळ मऊ शिजवून घ्यावी, फोडणी द्यावी, उकळी आली की कणकेची फळं सोडावीत, एवढं साधं काम. पुढच्याच आठवड्यात एक बाई तरातरा अंगणात शिरली. डोक्यावर पदर, हातात डबा. तिनं नत्थुजींना विचारलं, "पेपर लिवणारे कुठं बसतात?"

नत्थुजींनी खोली दाखवली. बाईचं नाव जयवंता. पूर्णेकाठच्या बोरखारी गावातून ती दोन एसट्या बदलून आली होती. घरची भाजीपाल्याची वाडी होती. तिनं डबा केशवरावांच्या टेबलावर ठेवून झाकण काढलं. केशवराव आमचे सगळ्यांत जुने बातमीदार. त्यांचं अक्षर सुंदर आणि पान चोवीस तास तोंडात.

"हे काय होय?" केशवराव म्हणाले.

"तुमच्या पेपरातले वरणफळं. खाऊन पाहा. दात पडले तं माहं नाव घेऊ नका."

खोलीत हशा पिकला. डबा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला. कुणी म्हणालं डाळ भिजवलीच नसेल, कुणी म्हणालं विस्तव कमी पडला असेल. केशवराव हसत म्हणाले, "बाई, हे आमचं खातं नाई. जिन्याखाली जा. स्वयंपाकाचं सगळं तिथं पाहातात."

अशी ती बातमी जिन्याखाली गेली.

ज्योत्स्नानं आधी तिला पाणी दिलं. मग डब्यातली डाळ बोटानं चेपून पाहिली. चेपेना. मग तिनं ती चाखली, आणि चेहरा कसनुसा झाला.

"जयवंताबाई, मीठ भलतंच पडलं हो."

"चिमूटभर नाई टाकलं," जयवंता म्हणाली. "तुमच्याच पेपरात आलं होतं, बोरखारीत गोडं पाणी आलं म्हणून. फोटोबी होता. म्हटलं, पाणी पेपरातलं आन्‌ डाळबी पेपरातली, दोन्हीचं एकदम पाहून घ्यावं. आता सांगा, दोन्हीतलं खरं काय हाये?"

मित्रांनो, पूर्णेच्या दोन्ही काठांना जमिनीखालचं पाणी खारं आहे. त्या भागाला खारपाणपट्टाच म्हणतात. तिथल्या बायका लांबून आणलेल्या गोड्या पाण्याचा एक हंडा वेगळा झाकून ठेवतात, पिण्यासाठी आणि डाळीसाठी. खाऱ्या पाण्यात डाळ दिवसभर उकळली तरी शिजत नाही. बोरखारीत नळ आले, गोडं पाणी आलं, बायांचे हाल संपले, अशी बातमी 'पूर्णातीर'नं महिन्याभरापूर्वी छापली होती. लिहिली होती केशवरावांनी. पत्रक आलं, सोबत फोटो आला, केशवरावांनी वाक्यं सरळ केली. बोरखारीला ते गेले नव्हते.

ज्योत्स्ना डबा घेऊन ओमप्रकाशजींकडे गेली. मला जाऊन पाहून येऊ द्या म्हणाली. त्यांनी केशवरावांना बोलावलं. केशवराव चिडले. "माह्यापाशी सहीशिक्क्याचं पत्रक हाये. फोटो हाये. एका बाईची डाळ शिजली नाई म्हणून आता पेपरानं आपलीच बातमी खोटी म्हणायची का?" ओमप्रकाशजींना ते पटलं. पुरवणीनं पुरवणीचं काम करावं, असा निकाल लागला.

ज्योत्स्ना बाहेर आली. या खेपेला तिनं माझ्या सीटवर हात ठेवला नाही. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते पाहिलं. मला काय ते समजलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. चतुराबाईंनी काही विचारलं नाही. भाकरी बांधून दिली, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळून दिली आणि दारात उभ्या राहिल्या. वाट लांबची होती आणि मी काही लांबच्या वाटेची गाडी नव्हे. पण त्या दिवशी मी स्वतःला मोटारच समजत होते. डांबर संपलं, मुरूम लागला, मुरूम संपला आणि काळी माती लागली. दोनदा माझा दम गेला. ती उतरली, मला बाभळीच्या सावलीत उभं केलं, इंजिन गार होईस्तोवर भाकरी खाल्ली आणि पुन्हा पायडल मारलं. रस्त्यानं जाणारे बैलगाडीवाले मान वळवून बघायचे. एकानं विचारलं, "कोणाच्या घरची होय वो?" तिनं सांगितलं, "पेपरातून आली." हे वाक्य ती पहिल्यांदाच म्हणाली आणि म्हणून झाल्यावर स्वतःशीच हसली.

बोरखारीत जयवंता वाटच पाहत होती. जणू ही येणार हे तिला ठाऊकच होतं. बायका गोळा झाल्या. टाकी नवी होती, तिच्यावर नावाची पाटी होती, नळही नवे होते. पाणी तेवढं जुन्याच बोअरचं होतं. गोड्या पाण्याची लाईन तलावापासून निघाली होती ती अर्ध्या वाटेत थांबली होती. उद्घाटनाच्या दिवशी टँकरनं गोडं पाणी आणून टाकीत ओतलं, पाहुण्यांनी नळ सोडून ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं, फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून नळाला बोअरचं पाणी सुरू झालं. ज्योत्स्नानं एकेकीला विचारलं, लाईन थांबली तिथवर चालत जाऊन पाहिलं, उघडे पडलेले पाइप पाहिले. निघताना तिनं नळाखाली एक डबकी, म्हणजे प्लास्टिकची कॅन, भरून घेतली आणि माझ्या कॅरिअरला बांधली.

जयवंता म्हणाली, "बाई, तुमी लिवसान. पण ते छापतीन का?"

"मले नाई माहीत," ज्योत्स्ना म्हणाली. खोटा धीर देणं तिला कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत आली ती दोन भगोनी आणि तुरीची डाळ घेऊनच. नत्थुजींना म्हणाली, "काका, तुमची शेगडी थोडा वेळ मले द्या." नत्थुजींनी चहा बंद ठेवला. आमच्या कचेरीत चहा बंद म्हणजे काय आपत्ती, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पाच-दहा मिनिटांत सगळे बातमीदार अंगणात. केशवरावही आले.

एकाच पिशवीतली डाळ. एका भगोन्यात अमरावतीच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात बोरखारीचं. दोन्ही शेजारीशेजारी शेगडीवर. ज्योत्स्ना नुसती डाव हातात घेऊन बसली. मला तिची पाठ दिसत होती आणि ती ताठ होती. पहिल्या भगोन्याला उकळी आली, डाळ फुलली, वास सुटला. दुसरंही उकळत होतं, वर पांढरा फेस येत होता. ती फेस काढत होती आणि पुन्हा वाट पाहत होती. आधी लोक थट्टा करत होते. मग थट्टा थांबली. अमरावतीची डाळ पार विरघळून वरण झालं तेव्हा बोरखारीची दाणा न्‌ दाणा अलग होती. ओमप्रकाशजीसुद्धा वरच्या मजल्यावरून खाली येऊन उभे राहिले होते.

ज्योत्स्नानं एका बशीत दोन-चार दाणे काढून केशवरावांसमोर धरले. केशवरावांनी बोटानं चेपले, मग दाताखाली धरले. तोंडातलं पान त्यांनी आधीच थुंकलं होतं.

"साहेब," ज्योत्स्ना ओमप्रकाशजींना म्हणाली, "बातमी मी लिहून आणली हाये. माह्या नावानं छापा. खोटी निघाली तं मी उद्यापासून येत नाई, माजघरातबी नाई."

माझं इंजिन बंद होतं, तरी आत काहीतरी धडधडलं. बडनेऱ्यातलं घर, पुंजाजींचा सदरा, तिचं ते बेसूर गाणं, सगळं त्या एका वाक्यावर टांगलं गेलं. ओमप्रकाशजींनी बशीतला एक दाणा स्वतः चेपून पाहिला. आपल्या पेपरानं आपलीच बातमी खोटी ठरवायची, आणि तेही पुरवणीच्या पोरीनं आणलेल्या बातमीवरून. त्यांनी केशवरावांकडे पाहिलं. आता केशवराव जे म्हणतील ते होणार, हे सगळ्यांना कळलं.

केशवराव म्हणाले, "छापा. आन्‌ खाली एक ओळ टाका, मागची बातमी केशवरावनं न जाता लिहिली होती म्हणून." मग ज्योत्स्नाकडे वळले. "तू काहून गेली व्हतीस तिथपर्यंत? मी अडवलं होतं नं तुले."

"तुमी पत्रक पाहिलं," ती म्हणाली. "मले पाणी पाहायचं होतं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नत्थुजींना चहा टाकायला सांगितला.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर बातमी आली. वर दोन भगोन्यांचा फोटो आणि खाली नाव, ज्योत्स्ना तायडे. 'आमच्या प्रतिनिधीकडून' नव्हे, नाव. पुंजाजींनी तो अंक घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि रुळावर घेऊन गेले. त्यांच्या टोळीतल्या लोकांनी तो हातोहात इतका वाचला की संध्याकाळी घडीवरच फाटला. बातमी खोटी आहे असे खुलासे आले, फोन आले, काही लोक अंगणात येऊन ओरडूनही गेले. ओमप्रकाशजी त्यांना एकच सांगायचे, "डाळ घेऊन जा, शिजवून आणा." कुणी आणली नाही. लाईनचं काम पुन्हा सुरू झालं. लाईन पुरी व्हायला वर्ष गेलं, पण झाली. त्या दिवशी जयवंता पुन्हा डबा घेऊन आली, आणि या खेपेला बातमीदारांच्या खोलीत डब्यावरून भांडण झालं.

ज्योत्स्नाचं टेबल जिन्याखालून उठलं आणि खिडकीपाशी आलं. माझे तर खरे दिवस तिथून सुरू झाले. धामणगावच्या बाजारात कापसाचे ढीग उन्हात पडून राहिले तेव्हा आम्ही तिथं होतो. तिवसा रस्त्यावर ट्रक उलटला तेव्हा पोलिसांच्या आधी आम्ही पोचलो. निवडणुका, संप, यात्रा, शाळांचे निकाल, कुठल्या म्हणून ठिकाणी मी धूर सोडला नाही असं झालं नाही. लोक आधी आवाजावरून मला ओळखायचे आणि मग तिला. "पेपरवाल्या ताई आल्या" असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात "आणि मी" असं जोडून घ्यायचे. जिथं बाई बातमीदार येणारच नाही असं लोक धरून चालले होते, तिथं बायका तिला माजघरात नेऊन मनातलं सांगायच्या. पुरुष बातमीदारांना ते कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं.

पुढं अकोल्याची आवृत्ती निघाली आणि तिचं प्रमुखपद ज्योत्स्नाकडे आलं. आता ती ज्योत्स्नाताई झाली होती, कुणी कुणी मॅडमही म्हणायचे. मीही बडनेऱ्याहून पॅसेंजरच्या सामानाच्या डब्यात बसून अकोल्याला गेले. माझ्यावर तिकीट नव्हतं, पावती होती, तरी तो माझा आयुष्यातला सगळ्यांत मोठा प्रवास. अकोल्याच्या उन्हाविषयी लोक जे बोलतात ते सगळं खरं आहे. माझी सीट तिथंच फाटली.

मग मोबाइल आले. रस्ते रुंद झाले. कचेरीनं ताईंना चारचाकी दिली. माझे सुटे भाग मिळेनासे झाले. तिनं मला विकलं नाही. बडनेऱ्याच्या घरी आणलं, स्वतःच्या हातानं धुतलं, पुसलं, मागच्या पडवीत उभं केलं आणि वरून जाड ताडपत्री घालून दोरीनं आवळून बांधली. घरातल्यांना सांगितलं, "हिले कोणी हात लावाचा नाई." तिला पुरस्कार मिळाले तेव्हा फोटोवाले माझा फोटो काढायला आले. ताडपत्री तेवढ्यापुरती उघडायची आणि पुन्हा आवळली जायची. पुंजाजी गेले तो दिवसही मला ताडपत्रीखालूनच कळला. कुणी टाकून दिलं असतं तर मी रागावले तरी असते. इतक्या मायेनं ठेवल्यावर रागवायचं कुणावर?

गेल्या महिन्यातली गोष्ट. 'पूर्णातीर'चा वर्धापनदिन जवळ आला होता आणि मला चालवत कार्यक्रमाला जायचं ताईंच्या मनात आलं. रविवारी त्या बडनेऱ्याला आल्या. गल्लीतला मेकॅनिक श्याम आला. दोरी सोडली. पायडल मारून पाहिलं, ते जागचं हलेना. श्यामनं माझं पोट उघडलं आणि मान हलवली.

"इंजिन जाम झालं, ताई."

"असं कसं? मी तं एक ओरखडाबी पडू दिला नाई हिच्यावर."

"त्यानंच झालं नं," श्याम म्हणाला. "चालवली असती तं मोकळी राह्यली असती."

ताई पुढं काही बोलणार, तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. दामिनी आली होती. अकोला कचेरीतली नवी बातमीदार, चोविशीची, कामाला तडफदार. पूर्णेच्या पात्रातून रेती उपसून ट्रक जातात, त्याची बातमी तिनं लावून धरली होती. पत्रकं होती, फोनवरची बोलणी होती, कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता. आता तिला स्वतः घाटावर जायचं होतं. कचेरीतल्या वृत्तसंपादकानं नाही म्हटलं म्हणून ती अकोल्याहून थेट ताईंच्या घरी आली होती.

"मॅडम, दिवसाउजेडी जातो. रोहित येऊन राहिला कॅमेरा घेऊन. तुमी फक्त हो म्हणा."

ताईंनी हात पुसले. "दामिनी, ते लोक बरे नाईत. मागं एकाची गाडी फोडली त्यांनी. रोहितले एकट्याले जाऊ दे. तो फोटो आणील, तू लिही. लिहितेस चांगलं."

मित्रांनो, मी चमकले. हे कोण बोललं? खुर्ची बदलली की काळजीला तोच आवाज फुटतो की काय?  दामिनीनं मान खाली घातली आणि आपल्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवला. तो हात किती जड असतो ते मला ठाऊक आहे. मला ओरडावंसं वाटलं, पण माझं तर इंजिनच जाम.

बोलल्या त्या चतुराबाई. आता त्या फार थकल्या आहेत. पडवीत बाजेवर बसून असतात आणि ऐकू कमी येतं असं सगळे समजतात.

"ज्योत्स्ना, तू जायची नं त्या निळ्या गाडीवर," त्या म्हणाल्या, "तवा मी रोज भ्यायची. तू येईस्तोवर दारातून हालत नव्हती. तुह्या बापालेबी नाई सांगतलं."

ताई वळल्या. "मले काहून नाई सांगतलं, माय?"

"सांगतलं असतं तं तू गेली असती का?"

 श्याम हातातला पाना नुसताच फिरवत राहिला. ताई आईच्या बाजेवर जाऊन बसल्या, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. तिचे डोळे मी ओळखते. त्या दिवशी ते तिनं लपवले नाहीत.

मग ताई दामिनीला एकामागून एक प्रश्न विचारू लागल्या. कोणत्या वाटेनं जाशील, कोणाला सांगून जाशील, गावात ओळखीची घरं कोणती, गाडी कुठं लावशील, पटकन निघायची वेळ आली तर तिचं तोंड कुणीकडे करून लावशील. दामिनी भराभर सांगत गेली. शेवटी ताईंनी तिथल्या तहसीलमधल्या एका माणसाला फोन लावला, कचेरीला फोन लावला आणि म्हणाल्या, "जा. बातमी तुही हाये, नावबी तुहंच जाईल. मी इथंच बसली."

दामिनी गेली. ताई दुपारभर पडवीत बसून राहिल्या. जेवल्या नाहीत. श्याम माझे भाग सुटे करत होता आणि कुठल्याही गाडीचा आवाज आला की ताई फाटकाकडे पाहत होत्या. चतुराबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला होता. ऊन कलल्यावर दामिनी परत आली, धुळीनं माखलेली, घसा बसलेला आणि चेहरा उजळलेला. घाटावर दमदाटी झाली होती, पण गावातल्या बायका मध्ये उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर आली. ताईंनी ती चतुराबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली, दामिनीच्या नावासकट, दोनदा.

सध्या माझा मुक्काम श्यामच्या गॅरेजमध्ये आहे. इंजिन खोलून रॉकेलच्या थाळीत बुडवलंय, चाकं भिंतीला टेकलीत, आणि एक सुटा भाग नागपूरहून यायचाय म्हणे. मी पुन्हा चालेन की नाही हे श्यामलाही ठाऊक नाही. पण रोज थोडा थोडा गंज सुटतोय, आणि कितीतरी वर्षांनी अंगावर ऊन पडतंय. मला बरं वाटतंय.

मित्रांनो, तुमच्या घरात मायेनं झाकून ठेवलेलं काही असेल तर ते एकदा उघडा. त्याला तेल द्या, हवा द्या, कामाला लावा. ओरखडे पडले तर पडू द्या. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या दारात एखादी मुलगी उभी राहील, जिथं तिच्याआधी कुणी गेलं नाही अशा वाटेवर निघालेली. तुम्हाला तिच्यासाठी भीती वाटेल. वाटू द्या. ती भीती आपल्यापाशी ठेवा, आणि तिला जाऊ द्या.